वाटेपुरतं पाणी

वजन किती आहे?

"एकशे पस्तीस," ज्योतीने काट्यावरचा आकडा वाचला आणि पदर तोंडाला लावून हसली. "सिस्टर, पोरगी शे का पोऱ्या?"

उपकेंद्राच्या टेबलावर तान्ह्या बाळांना तोलायचा काटा होता. त्याच्या निळ्या तबकात, जिथे गावोगावची उघडीनागडी बाळं हातपाय झाडत रडायची, तिथे आज नारिंगी रंगाची एक रबरी बाटली निमूट पडली होती.

"पोरगीच म्हण," जरीना म्हणाली. "कमी वजनाची. आता ती स्टीलची ठेव."

स्टीलची रिकामीच तीनशे वीस भरली. जरीनाने मान हलवली, जशी ती कुपोषित मुलाच्या आईसमोर हलवायची.

तिचा उजवा खांदा दोन वर्षांपासून वर जात नव्हता. एका खांद्यावर लशींचा डबा अडकवून तेहेतीस वर्षं पायपीट केली की खांदा दुसरं काय करणार! आता डबा डाव्या खांद्यावर गेला होता. आत बर्फाचे चार पॅक, मध्ये लशी. उजव्या बाजूला फक्त कागदांची पिशवी. धुळ्याच्या हाडांच्या डॉक्टरने सांगितलं होतं, उजवीकडे जड काही घ्यायचं नाही. आणि पोटाच्या डॉक्टरने सांगितलं होतं, बाहेरचं पाणी प्यायचं नाही, उकळलेलं घरचं सोबत न्या, आणि भरपूर प्या.

दोन्ही डॉक्टर एकाच दवाखान्यात, एकाच मजल्यावर बसत. त्यांनी एकमेकांना कधी विचारलं नसावं.

निवृत्तीला नऊ महिने होते. पिंपळनेरच्या पलीकडे डोंगरात सहा पाडे तिच्याकडे होते. रस्ता तिथपर्यंत जायचा जिथपर्यंत पुढाऱ्याची गाडी गेली होती. पुढे पाय.

वास येतो का?

येतो. नारिंगी बाटलीला येत होता.

ती कशिशने मागवली होती. कशिश म्हणजे जरीनाची मुलगी, पुण्यात नोकरीला. तिने मोबाइलवर फोटो पाठवला तेव्हा त्यात एक गोरी, सडपातळ बाई बर्फाच्या डोंगरावर उभी राहून हसत होती.

"अम्मी, ये देखो, पाणी संपलं की दाबायची, इतकुशी होते. गिर्यारोहक वापरतात."

"मी कुठली गिर्यारोहक!"

"मग काय करतेस गं तू बुधवारी?"

बुधवार म्हणजे पाड्यांवरचं लसीकरण. पाठीवर सामान, पायात कापडी बूट, चढ, उतार, परत चढ. फक्त शिखर गाठल्याचा फोटो कोणी काढला नव्हता.

बाटलीतलं पाणी शेकायच्या पिशवीतलं लागायचं. तिने ती लिंबाने धुतली. सोड्याने धुतली. एक रात्र चहाच्या पाण्यात बुडवून ठेवली. मग चहा पिऊन शेकायची पिशवी चघळल्यासारखं लागू लागलं. तिने मोबाइलवर इतर गिऱ्हाइकांचे अभिप्राय वाचून काढले. एकाने लिहिलं होतं, दहा दिवसांत वास जातो. दुसऱ्याने लिहिलं होतं, वास जात नाही, आपल्याला सवय होते. हा दुसरा माणूस सरकारी नोकरीत असावा असं तिला वाटलं.

पूर्वी तिला बाटली लागायची नाही. पूर्वी तिची एक रीत होती: आधी पाणी, मग पिशवी. कुठल्याही घरी गेलं की टेकायचं. घरची बाई तांब्या आणणार. तो घ्यायचा, वरून धार धरून घटाघट प्यायचं, "गार आहे हो" म्हणायचं, आणि मगच लशींच्या पिशवीला हात लावायचा. नवीन नर्स आल्या की त्यांना ती हेच शिकवायची. सुईचं नंतर. आधी तांब्या रिकामा करून दाखवा.

दोन पावसाळ्यांपूर्वी अशाच कुठल्याशा तांब्यातून कावीळ आली. बावीस दिवस दवाखान्यात. नवरा, मोईज, उशाशी बसून भेटायला येणाऱ्यांनी आणलेल्या उसाच्या रसाला नाही म्हणायचा आणि रडायचा. घरी सोडताना पोटाच्या डॉक्टरने बोट उगारलं होतं, "बाई, यकृत एकदा माफ करतं."

तोंड केवढं आहे?

मार्चमधल्या बुधवारी ती आणि ज्योती वरच्या पाड्यात ताईबाईच्या अंगणात पोचल्या तेव्हा बारा वाजले होते. ज्योती त्याच भागातली, पाड्यांची आशाताई. घरोघरची बाळं तिला तोंडपाठ. वाटेत तिचं चारदा सांगून झालं होतं: "सिस्टर, आज काही करीसन हितेंद्रले सुई टोचनीच शे."

हितेंद्र दहा महिन्यांचा होता. एवढं भारदस्त नाव आणि कंबरेला काळा दोरा, बस. आईबाप ऊसतोडीला गुजरातेत होते तेव्हा तो तिकडेच फडावर जन्मला आणि नंतरही त्यांच्या कामामागे गावोगाव फिरत राहिला, म्हणून एकही लस अंगाला लागलेली नव्हती. आता आई, दिपमाला, साक्रीकडे कांदे काढायला जात होती आणि पोर दिवसभर आजीपाशी. खालच्या पाड्यात गोवर निघाला होता. चार मुलं अंगभर लाल झालेली. वरचा पाडा तिथून हाकेच्या अंतरावर.

"बठा, सिस्टर. पानी आनस," ताईबाई म्हणाली आणि आत गेली.

ताईबाई साठीची, काटक, डोक्यावरचा पदर कानामागे खोचलेला. तिने पितळी तांब्या आणून पुढे केला. जरीनाने तो घेतला. गेली दीड वर्षं ती एक नाटक करत आली होती: तांब्या उंच धरायचा, ओठ मिटून थोडं पाणी हनुवटीवर सांडायचं, पदराने पुसायचं, तांब्या परत. आजवर कुणी काही म्हटलं नव्हतं.

ताईबाईने तांब्या हातात घेऊन आत पाहिलं. मग जरीनाकडे पाहिलं. तोंडाकडे नाही, जरा खाली.

"तुमना गळा हालना नही," ती म्हणाली.

आता इथे जरीनाने काहीतरी बोलायला हवं होतं. पण तीन किलोमीटरचा चढ झाला होता, जीभ टाळूला चिकटली होती, आणि समोर पाणी बघून तहान अशी उसळली की हात आपोआप पिशवीत गेला. नारिंगी बाटली बाहेर आली. तिचं तोंड रुंद, कपाएवढं. झाकण उघडून ती चार घोट गटागट प्यायली. गळा चांगला हलला.

हे तिला चौथ्या घोटाला कळलं.

ताईबाई उठून अंगणाच्या कडेला गेली आणि तांब्यातलं पाणी कोंबड्यांच्या खापरात ओतलं. सगळं. शेवटचा थेंब झटकून. मग हितेंद्रला कंबरेवर घेतलं.

"ताईबाई, पोराला गोवरची..." जरीनाने सुरुवात केली.

"जी बाई आमनं पानी तोंडमा लेत नही, तिनं औषध मी मना नातूना तोंडमा काबर टाकू?"

आणि दार लावून घेतलं. ते कुडाचं होतं, त्यातून आरपार दिसत होतं. आत ती पाठ करून बसली होती.

परतताना ज्योतीने थांबून चपलेतला खडा काढला. मग म्हणाली, "सांगी द्यायचं ना सिस्टर, कावीळनं."

"काय सांगू? तुमच्या पाण्याने मी मरता मरता वाचले, असं?"

"मग औषध टाकीसन प्यायचं. तुमच्यापाशी क्लोरीनची शिशी शे ना."

"ज्योती, तुझ्या घरी मी आले, तू चहा दिलास, आणि मी तुझ्यासमोर त्यात औषध टाकलं. तू काय म्हणशील?"

ज्योतीने विचार केला. "काही म्हणनार नही," ती म्हणाली. "पन परत चहा देनार नही."

जरीनाला त्या बाईचा राग आला नव्हता. तेच अवघड झालं होतं. राग आला असता तर नोंदवहीत 'नकार' असा शेरा मारून मोकळी झाली असती. नोकरीच्या पहिल्या गावी, अमळनेरकडे, एका घरच्या कोनाड्यात तिच्यासाठी एक काचेचा ग्लास वेगळा ठेवलेला असायचा. त्याच्या बुडाला लाल नेलपॉलिशचा ठिपका होता. अकरा वर्षं ती त्या ठिपक्याकडे न बघता पाणी प्यायली, तिने त्या घरची तीन बाळंतपणं केली. कुणी वाईट वागलं नाही. फक्त ग्लास दुसऱ्या ग्लासांत मिसळला नाही. बदली झाली त्या दिवशी त्या घरच्या सुनेने रडत तिला साडी दिली आणि पाणीही दिलं. त्याच ग्लासातून.

म्हणूनच तर पुढे ती रीत ठरली होती. आधी पाणी, मग पिशवी.

गळते का?

रविवारी ती धुळ्याला घरी गेली. मोईजने विचारलं, "खांदा?" ती म्हणाली, "आहे." एवढ्यावर त्यांचं भागायचं.

माळ्यावर शोधता शोधता तिला छागल सापडली. जाड कॅनव्हासची पाण्याची पिशवी, वर लाकडी बूच, कडेला दोरी. तिचे वडील, खाजाभाई, हमरस्त्यालगत बसून ट्रकवाल्यांच्या ताडपत्र्या शिवायचे आणि उरलेल्या कापडाच्या छागली करायचे. ट्रकच्या पुढच्या बाजूला टांगली की वारा लागून पाणी बर्फासारखं व्हायचं. रिकामी झाली की गुंडाळून सीटखाली. जगातल्या सगळ्या गिर्यारोहकांच्या आधी.

"अब्बाची आहे," ती मोईजला म्हणाली. "दोनशे ग्रॅमसुद्धा नसेल. वास नाही. कोणाला बाटली वाटणारही नाही."

"पण ती गळते," मोईज म्हणाला.

"गळत नाही, पाझरते. पाझरते म्हणून तर गार राहते."

"तेच म्हणतोय मी."

पुढच्या बुधवारी ती छागल उजव्या खांद्याला अडकवून निघाली. पाणी खरंच गार होतं. अब्बांची आठवण येऊन वाटेत एकदा डोळेही पाझरले. खालच्या पाड्यात पोचून कागदांची पिशवी उघडली तर सतरा मुलांची कार्डं एकमेकांना चिकटली होती, आणि निळ्या शाईचा एकच मोठा डाग, त्यात कोणाची कुठली लस झाली ते अल्लालाच ठाऊक. तो दिवस आणि पुढचे दोन दिवस ज्योतीबरोबर घरोघर फिरून, नोंदवहीशी ताडून, ती कार्डं पुन्हा लिहिण्यात गेले.

ताईबाईच्या घरासमोरून दोघी दोनदा गेल्या. ती अंगणात मोहाची फुलं वाळत घालत होती. दोन्ही वेळा तिने मान वर केली नाही. "बठा" म्हटलं नाही. पाण्याचं तर सोडाच.

खालच्या पाड्यात गोवरची मुलं सात झाली. त्यातल्या एकीला, दीड वर्षाच्या मुलीला, श्वास लागून साक्रीला हलवावं लागलं. गाडी रस्त्यापर्यंतच येत होती. मुलीला बापाने झोळीत घालून खाली नेलं. जरीना मागून चालत होती, एका हातात सलाइनची बाटली उंच धरून. उजव्या हातात. तो हात खांद्याच्या वर जात नाही, असं हाडांच्या डॉक्टरने लिहून दिलेलं होतं.

घडी किती लहान होते?

तिसरी बाटली, हीही कशिशनेच मागवलेली, पातळ, पारदर्शक, पिशवीसारखी होती. बुडाला घडी, वर निळं झाकण, पाऊण लिटर पाणी मावेल एवढी. बाळाच्या काट्यावर ठेवली तर आकडा काही वेळ शून्यावरच राहिला. मग तीस दाखवले, मग पुन्हा शून्य.

"ही काही जगत नही," ज्योती म्हणाली.

वास नव्हता. गळत नव्हती. रिकामी केली, हवा काढली, तीन घड्या घातल्या की रुमालाएवढी व्हायची आणि एप्रनच्या खिशात बसायची. बाहेरून कळतही नव्हतं. आधी जरीनाला त्याचंच अप्रूप वाटलं. पाड्याच्या अलीकडे, मोहाच्या झाडाखाली पोटभर पाणी प्यायचं, घडी घालून खिशात टाकायची, आणि अंगणात असं जायचं की जणू बाईपाशी पाणी नाहीच. तहान लागलेली नसली की हात पिशवीकडे वळणार नाही.

पण पिंपळनेरच्या बसमध्ये, दोन्ही हात मांडीवर टाकून बसल्या बसल्या तिला कळलं की यातून काही साधत नाही. लपवण्यासारखी बाटली मिळाली, पण ताईबाईला बाटलीचं दुःख नव्हतं. ताईबाईने बाटलीकडे पाहिलंच नव्हतं. तिने गळ्याकडे पाहिलं होतं.

शेजारची म्हातारी लोणच्याच्या बरणीला मिठी मारून घोरत होती. जरीनाने खिशातली घडी काढली. उलगडली. रिकामी बाटली अंगठ्याने दाबत, फुगवत, पुन्हा दाबत ती घाट संपेपर्यंत बसून राहिली.

लपवायची कशाला? दाखवायची. पण रिकामी.

हमी आहे का?

नाही.

किती दिवस टिकते?

एप्रिलच्या दुसऱ्या बुधवारी मोहाच्या झाडाखाली जरीना थांबली, बाटलीतलं पाणी प्यायली, उरलेला घोट ज्योतीला दिला आणि बाटली झटकून झटकून कोरडी केली.

"परत येवाले काय प्यानार?" ज्योतीने विचारलं. "ऊन देखा."

"बघू."

"बघू म्हने. चक्कर ईसन पडशात त्ये मी उचलू का डबा उचलू?"

"डबा उचल," जरीना म्हणाली. "त्यात लशी आहेत."

ताईबाई अंगणातच होती. हितेंद्र सुपात बसून मोहाचं फूल तोंडात घालत होता आणि आजी ते काढून घेत होती; हा खेळ सकाळपासून चालला असावा. दोघींना पाहून तिने पोराला जवळ ओढलं. "बठा" नाही, काही नाही.

जरीना न बोलावता खाली बसली. लशींचा डबा तिने मागे सरकवला, ज्योतीच्या बाजूला.

"ताईबाई, पाणी मिळेल का?"

"तुमनं शे ना तुमनापाशी."

जरीनाने खिशातून घडी काढली. एक, दोन, तीन. बाटली उलगडून तिने झाकण काढलं आणि ती उलटी धरली. एक थेंबही पडला नाही.

"नाही," ती म्हणाली. "परतीची वाट आहे. यात भरून द्या."

ताईबाईने हातातलं फूल सुपात टाकलं. बाटली घेतली, उजेडात धरून आरपार पाहिलं. तोंडाला लावून फुंक मारली. बाटली फुगली. हितेंद्र खदखदून हसला. तिने परत फुंकली. तो परत हसला. ताईबाई मात्र हसली नाही.

"घरमा पानी नही," ती म्हणाली. "झिरावरथून आननं पडी."

झिरा म्हणजे नाल्याच्या पात्रात खणलेला खड्डा. उन्हाळ्यात त्यात वाटीवाटीने पाणी पाझरतं. उतरायला पंधरा मिनिटं, भरायला देव जाणे किती, चढायला वीस. डब्यातला बर्फ सकाळपासून विरघळत होता. गोवरच्या लशीची कुपी तासाभरापूर्वी खालच्या पाड्यात फोडलेली होती, आणि चार तासांनी ती टाकून द्यावी लागणार होती. ज्योतीने जरीनाकडे पाहिलं. नको म्हणा, डोळ्यांनी ती म्हणत होती. घरातल्या माठात पाणी असेलच, बाई मुद्दाम करते आहे.

"थांबतो आम्ही," जरीना म्हणाली.

ताईबाईने हंडा घेतला, नातवाला ज्योतीच्या मांडीवर ठेवलं आणि उतरून गेली.

बराच वेळ झाला. कोंबड्या सावलीत आल्या. हितेंद्र ज्योतीच्या खांद्यावर झोपून गेला. जरीनाने डब्याचं झाकण उघडलं नाही. उघडलं की गार हवा जाते. तिने नुसता वर हात ठेवला. तेहेतीस वर्षांत तिने लोकांना समजावलं होतं, रागावलं होतं, सरपंचाला आणलं होतं, एकदा हवालदारालाही. पाण्यासाठी कुणाच्या दारात बसून राहण्याची वेळ आली नव्हती. पाणी तर न मागता मिळायचं.

तासाभराने आधी हंडा दिसला, मग ताईबाई. तिच्या कपाळावरून, मानेवरून घाम निथळत होता. तिने पदराची दुहेरी घडी बाटलीच्या तोंडावर धरली आणि वाटीने, एकेक वाटी, पाणी गाळून भरलं. गाळ कापडावर राहिला. बाटली फुगून उभी राहिली. ती तिने जरीनाच्या पुढ्यात ठेवली आणि नातवाला ज्योतीकडून उचलून आपल्या मांडीवर आडवा घेतला.

"टोचा," ती म्हणाली.

एका दिवसात जेवढं देता येतं तेवढं जरीनाने दिलं. उजव्या दंडावर गोवरची. मांडीवर एक. पोर जागं होऊन आकाशपाताळ एक करत होतं, तेवढ्यात तोंडात पोलिओचे दोन थेंब. ताईबाईने त्याचे हात घट्ट धरले होते आणि स्वतः दुसरीकडे बघत होती.

"आता अर्धा तास बसावं लागतं आम्हाला," जरीना म्हणाली. "पोराला काही होत नाही ना ते बघायला."

"बठा," ताईबाई म्हणाली आणि रडतं पोर घेऊन आत गेली.

जरीनाने आत पाहिलं. कुडाआड पाठ होती, झोके देत हलणारी. तिने पिशवीतून क्लोरीनची शिशी काढली, बाटलीचं झाकण उघडलं, दोन थेंब टाकले. झाकण लावलं, हलवलं. शिशी परत पिशवीत. क्लोरीनलाही अर्धाच तास लागतो. पोटाच्या डॉक्टरला विचारलं असतं तर तो उकळलेलंच म्हणाला असता.

अर्धा तास दोघी बसल्या. ज्योतीने कार्ड लिहिलं. 'हितेंद्र' लिहिताना कार्डावरची रेघ संपली. आत रडणं बारीक झालं, हुंदके झाले, मग थांबलं. ताईबाई पोराला झोपवून बाहेर आली आणि समोर उकिडवी बसली.

"अर्धा तास व्हयना का?"

जरीनाने घड्याळ पाहिलं. "झाला. ताप येईल रात्री थोडा. ही गोळी पाव..."

"प्या मंग."

जरीनाने बाटली उचलली.

"मी देखं," ताईबाई म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "दोन थेंब टाकात तुम्ही."

ज्योतीचा हात कार्डावर थांबला. जरीनाचा बाटलीवर. कोंबड्यांचं खापर अंगणाच्या कडेला तिथेच होतं.

"मला कावीळ झाली होती," जरीना म्हणाली. एवढंच जमलं. "बावीस दिवस."

ताईबाईने सुपातलं एक फूल उचललं, त्याचा देठ काढला, टाकला. दुसरं उचललं.

"पोऱ्याले बी दोनच दिधात," ती म्हणाली. "प्या."

जरीना प्यायली. पाण्याला क्लोरीनचा वास होता, खाली मातीचा, त्याच्याही खाली काहीतरी गोडसर, पाल्यापाचोळ्याचं. ताईबाई तिच्या गळ्याकडे बघत होती. एक घोट. दोन. बाटली पिचकत गेली, तिच्या हातात मऊ होत गेली. अर्धी झाल्यावर ती थांबली, श्वास घेतला, आणि उरलेलीही प्यायली. तहान लागलेली होती, हेही खरं.

"गार आहे हो," ती म्हणाली. ते आपोआप आलं.

ताईबाईने हात पुढे करून बाटली घेतली. बुडाची घडी बोटाने चाचपली. जरीनाला वाटलं, आता ती ही मिटवून परत देईल; पण ताईबाई उठली, हंड्यापाशी गेली, पदर दुमडून धरला, आणि पुन्हा वाटी वाटी करत बाटली काठोकाठ भरली.

"वाटले," ती म्हणाली. वाटेपुरतं.

मोहाच्या झाडापाशी वळण होतं. तिथून अंगण दिसत नाही. ज्योतीने मागे वळून खात्री करून घेतली.

"ओती द्या सिस्टर आते. खांद्याचं देखा. उपकेंद्रामा तुमनं उकळेल पानी शे."

शिशीत आणखी दोन थेंब निघाले असते. नसतेही. जरीनाने पाहिलं नाही.

"राहू दे," ती म्हणाली.

उपकेंद्र तीन किलोमीटर होतं. डावीकडे लशींचा डबा, बर्फाचं पाणी आत डुचमळत. उजवीकडे कार्डं आणि त्यांच्या वर हातात धरलेली बाटली, छातीशी. नाल्यापाशी उजव्या खांद्यात कळ आली तेव्हा तिने बाटली डाव्या हातात घेतली. पुढच्या चढाला डावा हात भरून आला, तेव्हा पुन्हा उजव्या.